सात रस्त्यावरची मालकीण

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

नवी पेठ, सोलापूर
२४ डिसेंबर २०२५

चि. काव्या हिस,
आप्पाचा आशीर्वाद.

आधी हिशेब सांगतो, म्हणजे मन मोकळं होतं. डब्यातल्या कडक भाकऱ्या घरच्या, त्यांचे काही धरत नाही. शेंगाचटणीही घरची. डबा वीसचा. हैदराबादच्या गाडीवाल्याला दीडशे. स्टँडपर्यंत रिक्षा, जाऊन-येऊन शंभर. म्हणजे बापाचे चार शब्द तुला दोनशे सत्तर रुपयांना पडले. व्हॉट्सअपवर हेच फुकट होतं. पण जाताना तू हात जोडलेस, "आप्पा, व्हिसा होईपर्यंत फोनवर माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नका, फोटो नको, फॉरवर्ड नको." त्या दिवसापासून फोन मी फक्त कानाला लावतो. आणि बोलायचं म्हटलं तर तू रात्रपाळीची, मी पहाटेचा, मधे तुझी आई. तिच्या हाती फोन गेला की माझ्यापर्यंत येत नाही. म्हणून हे पत्र, भाकरीच्या डब्यातून. गाडीवाला म्हणाला, "चाचा, कागजपत्तर हैं क्या अंदर?" म्हटलं, भाकरी आहे बाबा, खाऊन बघ.

दुकानात लोक चटणी घेतात आणि वर बातमी मागतात. परवा जगदेवीकाकू आली.

"पोरगी अजून हितंच हाय म्हणं?"

"हैदराबादला हाय. तितं तिच्या कंपनीचं ऑफिस हाय."

"आन् जावई? नात?"

"अमेरिकेत."

"व्हय का," म्हणाली. पायरी उतरताना बरोबरच्या बाईला काय म्हणाली तेही ऐकलं. कान माझे अजून शाबूत आहेत. "नांदवत न्हाय वाटतं. आमेरिकेचं नाव सांगत्यात."

आता किती जणांना समजावू? भावाच्या, प्रभूच्या लग्नाला म्हणून पोरगी तीन आठवड्यांसाठी आली. पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घेऊन परत जाणार होती. मधेच नियम निघाला की नोकरीवर जाणाऱ्याचं आणि त्याच्या घरच्यांचं फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं तपासणार. म्हणून या महिन्यातली मुलाखत फेब्रुवारीत ढकलली. नवरा आणि चार वर्षांची पोर तिकडं, ही इकडं. एवढं ऐकायला गिऱ्हाईक थांबत नाही. ते अर्ध्यावर उठतं आणि उरलेलं स्वतः रचतं.

म्हणून मी एकदाच, मोठ्या अक्षरात सांगून टाकलं. तुझ्या वाढदिवसाला सात रस्त्याच्या चौकात डिजिटल लावलं. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स. महापालिकेची परवानगी काढून, बरं का. छापलं राजशेखरनं. तो आपल्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष आणि डिजिटलच्या दुकानाचा मालक, तेव्हा छापणारा आणि शुभेच्छा देणारा एकच. म्हणाला, "आप्पा, कापड असलं टाकलंय, पाच वर्षं ऊन-पाऊस काय बी करत न्हाय."

याच रस्त्यानं मी वळसंगहून सायकलला भाकऱ्यांची पाटी बांधून यायचो. कुणी मान वळवून बघत नव्हतं. आता अख्खं सोलापूर मान वर करून तुझं नाव वाचतं.

फोनला मात्र हात लावलेला नाही हां. तुझा शब्द पाळलाय.

आप्पा

•

हैदराबाद
३० डिसेंबर २०२५

ती. आप्पांस,
शरणु शरणार्थी.

भाकऱ्या पोचल्या. तीन मोडल्या, बाकी अखंड. उत्कर्षानं पहिल्या दिवशीच निम्मी चटणी संपवली. सोलापूर सोडून दहा वर्षं झाली तिला, पण जीभ तिथलीच आहे. तिच्या घरी मी किती दिवस राहायचं हे आता तिलाही विचारवत नाही आणि मलाही.

डिजिटलचं वाचून मी जेवणावरून उठले.

आप्पा, नीट सांगते. नियमाप्रमाणे मी माझी सगळी खाती उघडी केली आहेत. आता कुणीही आत येऊन बघू शकतं. उत्कर्षा आणि मी दोन रविवार बसून माझे जुने फोटो चाळले. लीलूच्या बारशाच्या फोटोखाली आपल्या शिवराजनं काहीतरी राजकारण लिहून ठेवलंय. पुसावं तर का पुसलं म्हणून संशय, ठेवावं तर ठेवलं म्हणून. शेवटी ठेवलं. वकील एकच सांगतो: अर्जात जे आहे तेच बाहेर दिसलं पाहिजे, तसूभर जास्त नाही, कमी नाही.

म्हणून विचारते, डिजिटलवर काय लिहिलंय? शब्द न् शब्द कळवा. आणि ते आधी उतरवा. कुणीतरी फोटो काढतं, कुणीतरी टाकतं, मग ते माझं होतं.

सोमेशला वेणी घालता येत नाही. महिनाभर त्यानं प्रयत्न केला. परवा लीलूला घेऊन गेला आणि तिचे केस कापून आणले, मुलासारखे. दोघांनी व्हिडिओवर मला दाखवले. छान दिसतात म्हटलं.

आईला सांगू नका.

काव्या

•

नवी पेठ, सोलापूर
५ जानेवारी २०२६

चि. काव्या हिस,
आशीर्वाद.

केस वाढतात, पोरी. तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

डिजिटलवर शब्द न् शब्द काय असणार? तुझा फोटो, तुझं नाव, सोमेशरावांचं नाव, शुभेच्छा, खाली मंडळ. सगळ्यांच्या डिजिटलवर असतं तेच. आणि मला एक सांग, तू फोनवर बंदी घातलीस, ती मी पाळली. हे कापड आहे. कापडाला कुठलं इंटरनेट? सात रस्त्याच्या खांबावरचं वाचायला अमेरिकेच्या साहेबाची मान किती लांब पाहिजे?

त्याचा गुण मात्र आला. जगदेवीकाकू काल परत आली. म्हटलं, "काकू, सात रस्त्याला गेला होता का?" म्हणाली, "बघितलं की. लई मोठी झाली पोरगी. आमी आपलं उगंच." उगंच म्हणाली! चाळीस वर्षांत या बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

तुझं म्हणणं मोडत नाही. पण गड्ड्याची जत्रा तोंडावर आली आहे. अक्कलकोट, वळसंग, सगळीकडचे पाहुणे येतील. तेवढ्यांनी वाचलं की उतरवतो.

आणि घाबरू नको. वीजमंडळापासून तुझ्या कॉलेजपर्यंत, जिथं हा बसलिंगप्पा तोंड उघडून चार शब्द बोलला तिथं काम अडलेलं नाही, सुटलेलंच आहे. तुझ्या व्हिसाच्या खिडकीवर मला उभं राहू देत नाहीत, एवढीच अडचण.

नव्या भाकऱ्या पाठवतोय. या वेळी मधे कागद घातलेत, मोडणार नाहीत.

आप्पा

•

हैदराबाद
१३ फेब्रुवारी २०२६

आप्पा,

परवा मुलाखत झाली.

खिडकीमागे माझ्याच वयाची बाई होती. चांगली बोलत होती. नोकरीचे कागद बघितले, पगाराचे बघितले, लीलूचं वय विचारलं. मग संगणकाकडे बघत म्हणाली, "तुमची कंपनी काय काम करते?" मी माझ्या कंपनीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "ती जिथं तुम्ही नोकरी करता ती. मी तुमच्या मालकीची विचारते आहे."

मला काही कळेना. म्हटलं, माझ्या मालकीची एक जुनी गाडी आहे, तीही हप्त्यावर. तिनं पडदा माझ्याकडे फिरवला.

मी होते, आप्पा. प्रभूच्या लग्नातली, नथ घातलेली. मागे त्यांचा मशालवाला पुतळा, वर विमान. शब्द मोठे होते, लांबून वाचता आले. "सोलापूरची लेक, अमेरिकेतील सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीण." राजशेखरनं आपल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी फोटो टाकला होता, प्रत्येक डिजिटलचा टाकतो तसा, आणि त्याला माझं नाव जोडलं होतं. दोन महिने तो तिथं होता. मी माझे सगळे फोटो तपासले आणि दुसऱ्यांनी टाकलेला हा एक राहिला.

"हे कोणी लिहिलं?" तिनं विचारलं. म्हटलं, घरच्यांनी, कौतुकानं. ती म्हणाली, "तुमच्या घरच्यांना तुम्ही काय काम करता हे माहीत नाही?"

मी पगाराचे कागद पुन्हा पुढे सरकवले.

नोकरीच्या व्हिसावर फक्त नोकरी करता येते. स्वतःची कंपनी चालवते म्हटलं की अर्जात खोटं लिहिलं असा अर्थ होतो. तिनं नकार दिला नाही, हातात एक कागद दिला: आणखी चौकशी होईल, वाट बघा. कंपनीनं मला मार्चअखेरपर्यंत इथून काम करायची मुभा दिली आहे. तेवढ्यात व्हायला हवं.

वकील सगळे पुरावे देतो आहे. तुम्ही आता काहीही करू नका. डिजिटल उतरलं असेल तर ठीक, नसेल तर मुकाट्यानं उतरवा. कुणाशी बोलू नका. राजशेखरला रागावूही नका.

एवढंच विचारते. तो शब्द कुणाचा?

काव्या

•

नवी पेठ, सोलापूर
१९ फेब्रुवारी २०२६

चि. काव्या हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दुकान प्रभूवर टाकून तसाच राजशेखरकडे गेलो. छापखान्यातली पोरं, त्यांना काय कळतं? मालकीण काय, उद्योजिका काय, ज्याच्या-त्याच्या डिजिटलवर तेच घालतात. ते सोड. झालं ते झालं, आता निस्तरलंय. बातमी चांगली आहे.

तू म्हणालीस काही करू नका. पण वकील परका माणूस. तो कागद देणार, साहेब कागदावर कागद ठेवणार. जिथं चूक केली तिथंच सुधारावी, हा आपल्या धंद्याचा नियम. चटणीत दगड निघाला तर मी गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही, दुकानात चार लोकांसमोर माफी मागतो. लोक जास्त विश्वास ठेवतात.

म्हणून जुनं उतरवलं आणि त्याच खांबावर नवं लावलं. मजकूर मी स्वतः सांगितला:

"जाहीर खुलासा. तमाम सोलापूरकर व अमेरिकन वकिलात यांस कळविण्यात येते की, सौ. काव्या सोमेश या अमेरिकेत कोणत्याही कंपनीच्या मालकीण नसून साध्या नोकर आहेत. तरी कोणीही गैरसमज करून घेऊ नये. आपला नम्र, बसलिंगप्पा भाकरीवाले, नवी पेठ."

राजशेखर म्हणाला, "आप्पा, इंग्लिशमधी बी टाकू का?"

म्हटलं, "टाक की. वाचायचंय त्यांनाच."

"आन् फेसबुकला?"

तिथं तुझा शब्द आठवला. पण साहेबांनी जिथं खोटं वाचलं तिथंच खरं वाचायला नको का? म्हटलं, "जिथं पहिला फोटो टाकलास तिथंच हा टाक. काव्याचं नाव जोड. त्यांना शोधत बसायला लागू नये."

त्यानं माझ्यासमोर टाकला. पाच मिनिटांत चाळीस जणांनी बघितला. "आप्पा, लई चाललाय की!" म्हणाला. पहिला दोन महिन्यांत एवढा चालला नव्हता.

आता बघ, आठ दिवसांत पासपोर्ट हातात येतो की नाही. तुझी आई लीलूसाठी हुग्गीच्या खिरीचे गहू निवडायला बसली आहे. म्हटलं, अगं, ती जाणार तिकडं, पोर येणार नाही इकडं. तर म्हणते, काव्याच्या हातानं पाठवीन.

आप्पा

•

हैदराबाद
११ मार्च २०२६

आप्पा,

नकार आला. कारण एका ओळीचं आहे. अर्जातली माहिती त्यांना पटली नाही.

तुमच्या खुलाशाखाली सहाशे लोकांनी लिहिलंय. निम्मे तुम्हाला हसतात. "भाकरीवाले, आमच्या पोराला पण साधा नोकर करा," असं. उरलेले अमेरिकेला शिव्या देतात. एकानं वकिलातीच्या काचा फोडायची भाषा केली आहे, आणि त्याच्या बरोबर वर माझं नाव आहे, निळ्या अक्षरात. राजशेखरनं त्या प्रत्येकाला उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवलंय. काच फोडणाऱ्यालासुद्धा.

माझं नाव मी काढलं. पण वकील म्हणाला, त्यांनी वाचायचं ते आधीच वाचलं होतं. मालकीण हेही घरचेच म्हणतात, मालकीण नाही हेही घरचेच म्हणतात, मग त्यांनी कुठलं धरायचं?

पुन्हा अर्ज करता येईल. कधी लागेल ते कुणी सांगत नाही. कंपनी तोवर थांबणार नाही. एकतीसला माझी नोकरी संपते. सोमेशनं देश सोडला तर त्यालाही याच खिडकीतून परत जावं लागेल, म्हणून तो येणार नाही. घराचे हप्ते आहेत. लीलूला एकट्यानं सांभाळणं त्याला आता होत नाही. शेजारचं एक तेलुगू कुटुंब चार एप्रिलला हैदराबादला येतंय, त्यांच्याबरोबर तो तिला पाठवतोय. मी विमानतळावर घ्यायला जाईन. तिथून आम्ही दोघी सोलापूरला येऊ. किती दिवसांसाठी ते विचारू नका.

प्रभूला मी फोन केला होता. त्याला खोटं बोलता येत नाही. त्यानं सांगितलं, राजशेखरच्या पोरांनी "सॉफ्टवेअर अभियंता" असं बरोबर लिहिलं होतं. तुम्ही काउंटरवर उभं राहून ते खोडलंत.

म्हणून सांगते, कधी विचारलं नाहीत तरी. एका विमा कंपनीची बिलं काढणारा प्रोग्राम आहे. त्यात चुका सापडतात का ते मी बघते. सापडली की लिहून वर पाठवते. दुरुस्त दुसरं कुणी करतं. माझ्या वर सहा जण आहेत. खाली कुणी नाही. हे काम मला आवडत होतं.

आईला केसांचं सांगून ठेवा. एकदम बघितलं तर रडेल.

काव्या

•

नवी पेठ, सोलापूर
२१ मार्च २०२६

चि. काव्या हिस,
आशीर्वाद.

खोडलं ते मीच. अभियंता म्हटलं तर जगदेवीकाकूचं तोंड बंद झालं नसतं. गल्लीत प्रत्येक घरात एक अभियंता आहे, त्यातले दोन घरीच बसलेत. मालकीण म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. मला चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, भाकरी कोण थापतं म्हणून. थापते तुझी आई.

तिला केसांचं सांगितलं. रडली नाही. ती आता माझ्याशी कन्नडमध्येच बोलते. रागावली की तिला मराठी येत नाही. काल मी म्हटलं, काव्या येईल तेव्हा माडीवरची खोली रिकामी करू. तर म्हणाली, "नीनु सुम्मनिरु." तू गप बस. लग्नापासून मला अरेतुरे केलं नव्हतं. मग गप बसलो. खोली तिनंच रिकामी केली. माझा कॅमेरावाला फोन तिनं कपाटात ठेवला, किल्ली कमरेला.

माझ्या मनात होतं, दुकान तुझ्या नावावर करावं. वकिलाकडेही जाऊन आलो. मग प्रभू म्हणाला, "आप्पा, पुढच्या अर्जात ते बी लिहावं लागंल." म्हणून राहू दिलं.

जगदेवीकाकू आली होती. दुसरं डिजिटलही तिनं वाचलंय, सगळ्या गावानं वाचलंय. म्हणाली, "येती व्हय पोरगी? बरं झालं बाई. आईबापाजवळ असल्यालं बरं. नोकरच व्हायचं तर हितं काय वाईट हाय?" मी चटणी बांधून दिली. पावशेरच दिली, जास्त घातली नाही.

राजशेखर परवा दारात उभा. "आप्पा, नात येती म्हणं अमेरिकेहून! स्वागत करायला पायजे की. हाफ रेटमधी करतो." म्हटलं, "बाबा, तिचं नाव कुटं लिवू नको." म्हणाला, "बरं, नुस्ता फोटो?" त्याला चहा पाजून पाठवला. माणूस वाईट नाही. त्याच्या हातात दुसरं काही नाही, तेवढंच आहे.

चारला मी गाडी घेऊन हैदराबादला येतो. विमानतळावर बाहेरच थांबेन. तू म्हणालीस तर पुढं येईन. लीलूला काय आवडतं तेवढं कळव. मला माहीत नाही.

वळसंगहून नवी ज्वारी आली. तिला ऊन दाखवायला गच्चीवर ताडपत्री कमी पडली, म्हणून तुझं वाढदिवसाचं डिजिटल अंथरलंय. अक्षरं खालच्या अंगाला आहेत.

आप्पा